फाट्यातलं पहिलं फळ

११ फेब्रुवारी

प्रिय लंबकराव,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे आणि कान पुढे कर, म्हणजे उपटायला सोपं जाईल. दोन महिने झाले, तुझी एक ओळ नाही. तुझी बायको दवाखान्यात दिवसभर लोकांना सुया टोचून दमते, तरी महिन्याला एक पत्र टाकते. तू बियाणे केंद्रातला संशोधक, तुला स्वतंत्र टेबल आहे, आणि त्या टेबलावर बहिणीपुरता कागद नाही.

कामाचं विचारायचंय. रोपं लावून झाली, एकशे साठ. बाबांच्या घड्याळाच्या दुकानामागची सगळी जागा भरली आणि वर हिरवी जाळी ताणली. पुढच्या खोलीत माझं पुस्तकबांधणीचं टेबल तसंच आहे. सकाळी मिरच्या, दुपारी खळ आणि पुठ्ठा. पण गेली तीन वर्षं झाडं नुसती माजतात. आत हात घातला तर कोपरापर्यंत पानं आणि फळ बघावं तर अंगठ्याएवढं. परवा उत्पादकांच्या सभेत एक जण म्हणाला, छाटा. मी त्याला तिथेच उभं करून विचारलं, कुठून छाटायचं, किती आणि कधी? तो बसला तो पुन्हा उठला नाही. तुला तरी माहीत असेल. बाबांनी मिरचीला कधी कात्री लावली नाही. ते म्हणायचे, चालतं घड्याळ मी उघडत नाही.

आणि पूर्वेच्या ओळीतल्या त्या बारा झाडांचं काय? तुला आठवतंच. रोप दीड वीत वाढलं की खोडाला पहिला फाटा फुटतो आणि त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. त्याचं फळ बाबा कुणाला तोडू द्यायचे नाहीत, त्याला लाल दोरा बांधायचे. बाकीची फळं खायची, हे बियाण्याचं. कारण ते फूल उमलतं तेव्हा भिंतीपलीकडे गवंडीकाकांची तिखट मिरची अजून कळीतही नसते. मधमाशीला तिकडून इकडे आणायला काहीच नसतं. नंतरच्या फळांच्या बियांत काकांचा तिखटपणा शिरतो, मग पुढच्या साली कुणाच्या खिडकीत गोड उगवेल आणि कुणाच्या जिभेला फोड येईल सांगता येत नाही. चाळीस वर्षं आपली वाकड्या शेपटीची मिरची गोड राहिली ती त्या बारा फळांच्या जिवावर.

डबा कधी आणतोस? बाबांचा, घड्याळाच्या सुट्या भागांचा. उगवण तपासतो म्हणून घेऊन गेलास त्याला पाच महिने झाले. बाबांच्या हातचं बी त्यात आहे, माझंही आहे. मी मूठभर मागे ठेवलं होतं ते यंदा पेरून संपलं. घरात आता बी म्हणून एक दाणा नाही. गल्लीतली बावीस घरं दर वर्षी माझ्याकडून रोपं नेतात, त्यांना पुढच्या साली मी काय देणार?

तुझी,
आक्का


२० फेब्रुवारी

आक्का,

कान पाठवला आहे. उपटून झाला की परत पाठव, इथे वरिष्ठांचं ऐकायला लागतो.

सभेतल्या त्या बिचाऱ्याची माफी माग. तो बरोबर बोलत होता, त्याला फक्त तुझ्यासमोर उभं राहून बोलता आलं नाही. ते आजवर कुणाला आलंय? आता नीट वाच.

फाट्यात पहिली कळी दिसली की ती खुडायची. नखाने चालेल, उमलायची वाट पाहू नकोस. झाड अजून लहान असतं. त्याने ते एक फळ धरलं की सगळी ताकद त्यातच ओततं, उंची थांबते, पुढची फुलं गळतात. त्या फळाच्या लाडापायी मागची तीस फळं उपाशी राहतात. मग फाट्याच्या खालची पानं आणि बगलफुटी काढून टाक, खोड मोकळं दिसलं पाहिजे. फाट्यावर दोनच फांद्या ठेव, दोन्ही सुतळीने वरच्या तारेला बांध. दर आठवड्याला आत वळणारे फुटवे काढ. सकाळी दव वाळल्यावर कात्री लाव, म्हणजे जखमा संध्याकाळपर्यंत सुकतात. प्रत्येक झाडानंतर कात्री औषधी पाण्यात बुडव. तुझी खळीची कात्री वापरू नकोस, मला माहीत आहे तू तीच घेशील.

आणि पूर्वेची ओळसुद्धा सोडू नकोस. एका जाळीखाली काही झाडं छाटलेली आणि काही दाट ठेवलीस तर दाट झाडांत ओल कोंडते, बुरशी तिथून सगळीकडे पसरते. बाराच्या लोभाने एकशे अठ्ठेचाळीस घालवशील. बियाण्याची काळजी कशाला? डबा इथे थंड खोलीत आहे, तुझ्या माझ्या घरापेक्षा सुखात. तपासणी चालू आहे. वेळेवर मिळेल.

तुझा,
लंबक


९ मार्च

लंबका,

झालं. तीन सकाळी लागल्या.

कात्री नवी घेतली, समाधान झालं ना? पहिल्या दिवशी हात वळत नव्हता. चांगली टपोरी कळी, काही वाईट केलेलं नाही, आणि तिला नखाने तोडायचं. दहा झाडांनंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि त्याचीच मला भीती वाटते. सभेत मी हेच सांगत असते.

गवंडीकाका भिंतीवर हनुवटी टेकवून बघत होते. म्हणाले, "बाई, झाडांनी काय गुन्हा केला? न्हाव्याच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "भावाने सांगितलंय, तो संशोधक आहे." तर म्हणाले, "माझा मेहुणा वास्तुरचनाकार आहे. त्याने काढलेला जिना भिंतीत जाऊन संपतो." मी त्यांना गप्प केलं. तुझ्यावर कुणी हसलेलं मला चालत नाही, मी हसले तर गोष्ट वेगळी.

पूर्वेची ओळ शेवटच्या दिवसासाठी ठेवली होती. बांधणीचा लाल दोरा, बारा तुकडे, कापून खिशात घेऊन गेले होते. सवयीने. पहिल्या झाडापाशी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. मग वाटलं, हे काय चाललंय आपलं? आपण लोकांना सांगतो की जुनं म्हणून चांगलं नसतं, तपासून घ्या, शिकलेल्यांना विचारा. आपल्या घरात शिकलेला माणूस आहे, त्याने कारणासकट सांगितलंय, आणि आपण दोरा धरून बसलोय. बी तर डब्यात आहेच. बारा कळ्या खुडल्या. दोरे परत टेबलावर आणून ठेवले.

आता झाडं कशी दिसतात सांगू? शाळेच्या पहिल्या दिवशी केस कापलेली पोरं रांगेत उभी असतात तशी. कान उघडे, मान उघडी.

आक्का


२ एप्रिल

आक्का,

तुझं पत्र केंद्रातल्या दोघांना वाचून दाखवलं. शाळेच्या पोरांची उपमा त्यांना फार आवडली.

एक छोटं काम आहे. बियाण्याची तपासणी पुढे न्यायची तर नमुना कुठून आला याची नोंद लागते. बाबांची ती वही पाठवशील का, ज्यात ते कोणत्या साली कोणतं झाड निवडलं, का निवडलं ते लिहायचे? आणि सोबतच्या तीन पानांवर सही कर. नमुना दिल्याची पोच आहे, नेहमीचा मसुदा. खुणेच्या ठिकाणी फक्त सही. लवकर पाठवलंस तर बरं, वरिष्ठ घाई करतायत.

फुटवे काढतेस ना? आळस करू नकोस. आता फुलं येतील ती ठेवायची.

लंबक


८ जून

लंबका,

आधी हे ऐक. काल अकरा पेट्या निघाल्या. एका तोड्यात. गेल्या साली सगळ्या मोसमात चौदा निघाल्या होत्या. फळ कसं, तर माझ्या तळहाताबाहेर शेपटी येते. भिंतीएवढी जाड साल, असं गवंडीकाका म्हणाले, आणि भिंतींच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. चार फळं नेली आणि जाताना म्हणाले, "तुमच्या भावाला सांगा, माझ्या मेहुण्यालाही जरा छाटून द्या."

परवा सभेत मी उभी राहिले आणि तुझी पद्धत सांगितली. फाटा, पहिली कळी, दोन फांद्या, सुतळी, कात्री, सगळं. फळ्यावर झाड काढून दाखवलं. ज्याला मी फेब्रुवारीत बसवलं होतं त्याची माफीही मागितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हटलं, ज्ञान असं असतं. ते घरात कोंडायचं नसतं, ते उभं राहून फळ्यावर काढायचं असतं. ही पद्धत मला माझ्या धाकट्या भावाने शिकवली. हे वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं. मी चाळीस माणसांसमोर न अडखळता बोलणारी बाई.

वही आणि सही एप्रिलमध्येच पाठवली होती, मिळाली का तेही कळवलं नाहीस. गंमत सांगते. जन्मभर लोकांच्या कानीकपाळी ओरडले की न वाचता सही करू नका, वीस वर्षं प्रत्येक सभा मी याच वाक्यावर संपवते. पण तुझे कागद आले तेव्हा खळ चुलीवर होती, हात चिकट होते. पहिलं पान वाचलं, पुढची दोन उलटली आणि सही केली. म्हटलं, भावाचा कागद वाचायचा म्हणजे त्याच्या ताटातला घास हुंगून बघण्यासारखं आहे.

आता डबा पाठव. गल्लीतल्या लोकांना मी सांगून ठेवलंय की पुढच्या साली रोपं दुप्पट देणार.

आक्का


१९ जुलै

आक्का,

तुमच्या गुडघ्याला आता कसं आहे? हे म्हणाले की फारच दुखतंय, म्हणून तुम्ही आला नाहीत. मी म्हटलं, मी येऊन मलमपट्टी करते, नर्स असून काय उपयोग? तर म्हणाले, तिला त्रास नको.

तुम्ही हव्या होतात. केंद्राच्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला. ह्यांना मंचावर बोलावलं, फुलं दिली. पडद्यावर मिरचीचा एवढा मोठा फोटो दाखवला, वाकड्या शेपटीसकट. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, ही आमच्या सासऱ्यांची. त्यांना वाटलं मी विनोद करतेय. मला वाटलं होतं, हे बोलताना तुमचं आणि मामंजींचं नाव घेतील. घाईत राहून गेलं असेल. "बारा वर्षांच्या निवडीतून सिद्ध केलेला वाण" असं म्हणाले. मामंजींनाच ना बारा वर्षं लागली होती, ती गोड करायला? तुम्ही एकदा सांगितलं होतं.

सोबत बियाण्याचं पाकीट पाठवते, दुकानात यायच्या आधीचं. "लाली सात" असं नाव ठेवलंय. मला "वाकडी" हेच नाव आवडायचं. मागे ह्यांचं नाव आहे बघा, छोट्या अक्षरात, "वाण विकसक" म्हणून. त्याच्या खाली लिहिलंय की या पिकाचं बी राखू नये, पुन्हा पेरू नये, दर वर्षी नवं घ्यावं. ते वाचून मला जरा कसंसंच झालं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, आक्काला सगळं माहीत आहे, तिनेच तर सही केली.

म्हणजे तुम्हाला माहीत आहे ना, आक्का?

तुमची भावजय


२६ जुलै

लंबका,

माझा गुडघा उत्तम आहे. भावजयीचं पत्र आलं त्या दिवशी मी चालत सभेच्या कचेरीत गेले आणि आपल्या सचिवाला विचारलं की अशा पोचेचा मसुदा तुझ्याकडे आहे का. होता. केंद्र सगळ्यांना तोच छापील कागद देतं. तिसरं पान मी कचेरीच्या पायरीवर बसून वाचलं. चार वेळा.

"नमुना देणाऱ्याकडे या बियाण्याचा अन्य साठा नाही, व तो यापुढे राखणार नाही."

तुझ्याकडच्या प्रतीवर त्याखाली माझी सही आहे. सुंदर, वळणदार, खळीचा डाग असलेली.

आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. पूर्वेची ओळ. तू मला लिहिलंस की दाट झाडांत बुरशी होते. खरंच लिहिलंस, मी जाणत्यांना विचारलं, होते. पण बारा कळ्या राखायला झाड दाट ठेवावं लागत नाही. पानं काढायची, फुटवे काढायचे आणि ती एक कळी ठेवायची, एवढंच. हे तुला कळत नव्हतं? तुझ्या टेबलावर बसलेल्या माणसाला? जी गोष्ट मला पायरीवर बसून सुचली ती तुला फेब्रुवारीत सुचली नव्हती?

तुला सुचली होती. तू मला कात्री दिलीस, आणि बाबांचं बी मी माझ्या नखाने खुडलं. तीन सकाळी, हसत, तुझं नाव घेत. केसाने गळा कापतात असं म्हणतात. तू केसही वापरला नाहीस, माझीच बोटं वापरलीस. वरून मी फळ्यावर झाड काढून चाळीस माणसांना दाखवलं की माझा भाऊ किती मोठा.

मला मिरचीचं दुःख आहे असं समजू नकोस. मिरची हजार शेतांत गेली तर मी रस्त्यावर उभी राहून वाटली असती. बाबांनी जन्मभर वाटलीच. कुणी मागितलं की चिमट्याने बी मोजून पुडी बांधायचे आणि वर सांगायचे, उरलं तर पुढच्याला दे. त्या माणसाच्या बियाण्यावर तू छापलंस की राखू नये.

आणखी एक ऐक, हे मी आजवर बोलले नव्हते. मी पंधरा वर्षांची होते तेव्हा बाबांनी मला शाळेतून काढून बांधणीच्या कारखान्यात घातलं. तू पाच वर्षांचा होतास. घरात एकच शिकणार होता. या घरातलं पहिलं फूल मी होते, लंबका. मला खुडलं म्हणून तुला उंची मिळाली. कारखान्यात जी पुस्तकं बांधली ती सगळी वाचून काढली, कुणाला दोष दिला नाही. मला वाटायचं, खुडलं तर खुडलं, झाड तर आपलंच आहे.

ते आपलं नव्हतं, हे मला एकसष्टाव्या वर्षी पाकिटावरच्या छोट्या अक्षरांत वाचायला मिळालं.

डबा परत पाठव. रिकामा असला तरी.

आक्का


१४ ऑगस्ट

आक्का,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. चार कागद फाडले. तुझ्यासारखं लिहिता येत नाही मला, आणि तुझ्याशी भांडून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

मी एकावन्न वर्षांचा आहे. माझं स्वतंत्र टेबल दाराजवळ आहे, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावर पिशवी ठेवतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांच्या नावावर तीन-तीन वाण आहेत. माझ्या नावावर एकही नव्हता. या वर्षअखेर मला गोदामाच्या नोंदींवर पाठवायचं ठरलं होतं. हे मी तुला कधी लिहिलं नाही, कारण तू गल्लीभर सांगत फिरतेस की माझा भाऊ संशोधक.

डबा घेऊन गेलो तेव्हा मनात काही नव्हतं, यावर विश्वास ठेव. उगवणच तपासली. मग इथल्या लोकांनी फळ चाखलं आणि सगळे माझ्या टेबलापाशी जमले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. कुणीतरी विचारलं, हा तुझा वाण? मी हो म्हटलं. एकच शब्द. पुढचं सगळं त्या एका शब्दाने करून घेतलं.

पूर्वेच्या ओळीचं विचारलंस. केंद्राच्या त्या छापील कागदात अट होती, हे बियाणं दुसऱ्या कुणाकडे नाही असं लिहून द्यायचं. मला खोटं लिहून द्यायचं नव्हतं. म्हणून आधी ते खरं करून घेतलं.

हे लिहिताना मलाच ऐकू येतंय कसं वाटतं ते.

पण आक्का, छाटणीचा सल्ला खरा होता. अकरा पेट्या खऱ्या आहेत. मी तुला झाडांबद्दल एक अक्षर चुकीचं सांगितलं नाही. खोटं बोललो ते फक्त तुझ्या गुडघ्याबद्दल. आणि बाबांचं बी डब्यात किती दिवस जगलं असतं? तुझ्यानंतर कोण दोरा बांधणार होतं? आता ते मरणार नाही. माझ्या नावाने का होईना, उगवत राहील.

दर वर्षी तुला पाकिटं पाठवत जाईन. तुला विकत घ्यावी लागणार नाहीत. गल्लीतल्यांना मात्र रोपं देऊ नकोस, ते माझ्या अंगाशी येईल.

बायको माझ्याशी बोलत नाही. डबा ती घेऊन बसली आहे, म्हणते मी स्वतः आक्कांच्या हातात देईन.

तुझा,
लंबक


१२ डिसेंबर

भावजयीस,

डबा घेऊन आलीस, दोन दिवस राहिलीस, माझ्या टेबलापाशी बसून पानं दुमडायला शिकलीस, हे मी विसरणार नाही. घरी पोचल्याचं कळव.

त्याच्याशी बोलत जा. त्याच्याशी न बोलण्याचं काम माझं आहे, ते मी एकटी निभावते. तुला संसार आहे.

डबा रात्री उघडायचा धीर झाला नाही म्हणून तू गेल्यावर सकाळी उघडला. तळाशी कागदाच्या घडीत दोन-चार बिया अडकल्या असतील अशी वेडी आशा होती. नव्हत्या. त्याने झटकून घेतलंय. बाबांचा चिमटा मात्र होता.

नंतरच्या फळांचं बी मी काढून पाहिलं. पेरलं. पहिली चार झाडं फळली. दोन गोड, एक तिखट, एक असं की गवंडीकाकांनी चाखलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. त्यांना बोलतं करायला गूळपाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, "बाई, ही तुमची नाही. ही आपल्या दोघांची." मी हसले खरी, पण तिथून निवडत परत यायचं तर बाबांसारखी बारा वर्षं लागतील. तोवर मी त्र्याहत्तर वर्षांची असेन.

आक्का


२ मे

प्रति,
तक्रार विभाग, बियाणे केंद्र
(पाकिटाच्या मागे छापलेल्या नावाने: वाण विकसक यांस)

विषय: "लाली सात" या बियाण्याबाबत.

महोदय,

आपण जानेवारीत पाठवलेली फुकट पाकिटं त्याच दिवशी परत पाठवली होती, ती मिळाली असतील. त्यानंतर मी बाजारातल्या दुकानात रांगेत उभी राहून एक पाकीट विकत घेतलं. माझ्या पुढे दोन माणसं होती. दुकानदाराने मला समजावून सांगितलं की हा नवा वाण आहे, फार गोड, लावून तर बघा. मी म्हटलं, बघते.

पाकिटावर लिहिलं आहे की तक्रार असल्यास तपशीलवार कळवावी. म्हणून कळवते.

उगवण चांगली आहे. शंभरातले ब्याण्णव दाणे उगवले. रोपं निरोगी आहेत. देठाजवळची पानं किंचित आत वळतात, तशीच वळायला हवीत. पहिली फळं धरली आहेत आणि त्यांची शेपटी डावीकडे वाकते. या सगळ्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आपण बियाण्यात काही बदल केलेला नाही याची मी साक्ष देते. नावाखेरीज.

छाटणी आपल्याच पद्धतीने केली आहे. फाट्याखालची पानं काढली, बगलफुटी काढल्या, दोन फांद्या ठेवून सुतळीने बांधल्या. आत हवा खेळते, कुठे ओल नाही, बुरशी नाही. पहिली कळी सर्व झाडांची खुडली आहे.

पूर्वेच्या ओळीतली बारा झाडं सोडून.

त्या बारा झाडांच्या बेचक्यात एक एक फळ ठेवलं आहे. प्रत्येकाला लाल दोरा बांधला आहे, लांबून दिसावा असा. बी राखण्यासाठी. मागच्या वर्षी एका कागदाच्या तिसऱ्या पानावर मी असं करणार नाही अशी सही केली होती. ती सही माझी आहे, मी ती नाकारत नाही. ती मोडते आहे आणि मोडते आहे हे आपल्याला लेखी कळवते आहे, कारण गुपचूप केलेल्या गोष्टीची मला सवय नाही. गेल्या रविवारी सभेतही सांगितलं. तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला, तिसरं पान दोनदा. मग विचारलं, या बारा फळांचं बी कोण कोण घरी राखेल? हात मोजले नाहीत. खाली राहिलेले मोजणं सोपं होतं, एकही नव्हता. गवंडीकाकांनी दोन्ही वर केले, त्यांना एक खाली घ्यायला सांगावं लागलं.

केंद्राला यावर जी काही कारवाई करायची असेल ती करावी. मात्र एक विनंती आहे. ती फळं तोडायला माणूस पाठवायचा झाला तर दुसऱ्या कुणाला पाठवू नये. आपण स्वतः यावं. नवी कात्री दाराशेजारच्या खिळ्याला टांगली आहे, औषधी पाण्याचं भांडं तिच्याच खाली आहे. मी मध्ये उभी राहणार नाही, बोलणारही नाही. पहिल्या झाडापासून बाराव्यापर्यंत आपल्या हाताने, एकेक दोरा सोडून, तोडावं.

फळं अजून हिरवी आहेत. लाल व्हायला तीन आठवडे लागतील. तोवर मागचं फाटक उघडं राहील.

आपली,
एक ग्राहक